फौजांचे करार आणि शेजारची शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-चार देश एकत्र येतात आणि एकमेकांना लिहून देतात की तुमच्यावर हल्ला झाला तर तो आमच्यावरच झाला असं आम्ही समजू. अशा करारानं त्या प्रदेशात शांतता येते का? आणि आली तर टिकते का? आज मला याबद्दल बोलायचं आहे. नाटो ही अमेरिका-युरोपची लष्करी युती किंवा क्वाड हा भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा गट, ही नावं बातम्यांत आली की हा विषय दिल्लीचा, वॉशिंग्टनचा असं आपण धरून चालतो. निदान नागपूरकरांनी तरी तसं धरू नये. लष्करी युती कशी जुळते, कशी फुटते आणि कशी गळ्याशी येते, हे सगळं या शहरानं भोगलेलं आहे.

सुरुवात १७७९-८० पासून करतो. वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली होती, पण युद्ध संपलेलं नव्हतं. पुण्यात नाना फडणवीसांनी चौघांची मोट बांधली. पुणे दरबार, हैदरअली, निजाम आणि आपले नागपूरचे मुधोजी भोसले. कामं वाटून दिली होती. हैदरनं कर्नाटकात उतरायचं, निजामानं आंध्र किनाऱ्यावरच्या ‘उत्तर सरकार’ मुलखात, पुण्याच्या सरदारांनी गुजरात-माळव्यात इंग्रजांना गुंतवायचं आणि भोसल्यांनी बंगालवर चालून जायचं. हे सगळं ठरल्यासारखं घडतं तर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही ठिकाणी कंपनीची एकाच वेळी कोंडी झाली असती.

हैदरनं शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूरला त्यानं इंग्रजांची एक अख्खी तुकडी बुडवली. इकडे नागपूरहून मुधोजींचे चिरंजीव चिमणाबापू मोठी फौज घेऊन निघाले खरे, पण रमतगमत कटकपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जपाशी नागपूरचे वकील बेनीराम पंडित होते आणि बोलणी आतून चालूच होती. फौजेच्या खर्चाला म्हणून हेस्टिंग्जनं लाखो रुपये दिले आणि बंगालवरची स्वारी झालीच नाही. पुढच्याच वर्षी हैदरशी लढायला निघालेली कंपनीची फौज भोसल्यांच्या ओरिसातून बिनधोक मद्रासकडे गेली. निजामालाही इंग्रजांनी तोवर थंड केलं होतं.

मुधोजींना दगाबाज म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्या जागी उभं राहून पाहा. त्यांना रोजची धास्ती होती ती पुणे दरबाराची आणि निजामाची. कलकत्त्याचा इंग्रज दूर होता आणि पैसे देत होता. शत्रू चौघांनी मिळून एक ठरवला होता, पण प्रत्येकाच्या मनातली भीती वेगवेगळी होती. भिशीत ज्याचा नंबर आधी लागला तो पुढचे हप्ते भरेल, हा भरवसा असेल तरच भिशी चालते. नानांच्या चौकडीत तो भरवसा कोणालाच कोणाबद्दल नव्हता. अखेर मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह घडवून आणला आणि मराठे-इंग्रजांत जवळपास वीस वर्षं मोठं युद्ध झालं नाही. चौकडीला जे जमलं नाही, ते दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा एका तहानं साधलं. आणि ज्या कटकात चिमणाबापू थांबले होते ते कटक १८०३ मध्ये देवगावच्या तहानं त्याच कंपनीच्या घशात गेलं. वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाडही तेव्हाच हातचा गेला.

आता बर्डीकडे, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीकडे येऊ. १८१६ च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी वारले. मुलगा परसोजी प्रकृतीनं आणि मनानं अधू, त्यामुळे कारभार त्याच्या चुलतभावाच्या, आप्पासाहेबांच्या हाती आला. दरबारात त्यांचे विरोधक होते आणि मुलखात पिंढाऱ्यांनी उच्छाद मांडलेला होता. म्हणजे संरक्षणाची गरज खोटी नव्हती. २७ मे १८१६ रोजी आप्पासाहेबांनी कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च भोसल्यांच्या खजिन्यातून, आणि बाहेरच्या कोणाशी काही बोलायचं तर आधी कंपनीला विचारायचं.

दीड वर्षात हा करार असह्य झाला. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर गोळीबार सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. टेकडीवर कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूनं दीड हजाराच्या आसपास शिपाई होते आणि खाली भोसल्यांची त्याच्या कितीतरी पट फौज. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी जिंकलीसुद्धा. पण घोडदळाचा एक हल्ला आणि दारूगोळ्याचा स्फोट यांनी बाजू उलटली. महिनाभरात नागपूर पडलं. पुढे १८२१ मध्ये कामठीची छावणी झाली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस वारस न ठेवता गेले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. १८१८ नंतर या मुलखात शांतता होती. पिंढारी संपले, वाटा निर्धास्त झाल्या, शेतकरी पेरणी करून कापणीपर्यंत गावात राहू लागला. ज्याच्या घरावर आदल्या वर्षी दरोडा पडला त्याला ही शांतता खोटी वाटली नसणार. पण त्या शांततेचा मालक नागपुरात राहत नव्हता. ती कधी द्यायची, कधी मोडायची आणि तिची किंमत किती लावायची हे सगळं दुसरीकडे ठरत होतं, आणि करारानंतर अडतीस वर्षांनी तिची किंमत म्हणून राज्यच गेलं.

हे दोन अनुभव मनात ठेवून जगाकडे पाहिलं की मला लष्करी युत्या वेगळ्या दिसू लागतात. त्यांच्याकडे किती तोफा आहेत यापेक्षा आतल्या माणसांत काय ठरलं आहे, तिथे माझं लक्ष जातं.

युरोप घ्या. १८७० ते १९४० या सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले. १९४९ च्या एप्रिलमध्ये बारा देशांनी नाटोचा करार केला आणि १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीला त्यात घेतलं. नाटोनं सोव्हिएत फौजा थोपवल्या असं सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण माझ्या मते तिचं मोठं काम निराळंच आहे. जर्मनीनं पुन्हा फौज उभारायची आणि तरीही फ्रान्सला रात्री झोप लागायची, हे अशक्य वाटणारं काम तिनं करून दाखवलं. फ्रान्सची भीती किती खोल होती पाहा. ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रेंच संसदेनं युरोपच्या एकत्रित सैन्याचा प्रस्ताव फेटाळला होता, आणि त्याची कल्पना मुळात फ्रान्सचीच होती. मग काही महिन्यांत दुसरी वाट काढली गेली. पश्चिम जर्मनीनं अण्वस्त्रं, जैविक आणि रासायनिक अस्त्रं आपल्या भूमीवर बनवणार नाही असं लिहून दिलं. तिची नवी फौज संयुक्त सेनापतींच्या हुकुमाखाली ठेवली गेली. अमेरिकेचं आणि ब्रिटनचं सैन्य जर्मन भूमीवर राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तिलाही तैनाती फौज म्हटलं असतं. पण करारानं जो वेळ मिळवून दिला तो वाया गेला नाही. शस्त्रं ज्यातून बनतात तो कोळसा आणि पोलाद १९५१ च्या करारानं सहा देशांच्या सामाईक देखरेखीखाली गेला. १९६३ मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी मैत्रीच्या तहावर सह्या केल्या आणि दोन्हीकडची तरुण मुलं एकमेकांच्या देशात जाऊन राहू लागली. २०१० मध्ये तर जर्मन सैन्याची एक बटालियन फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, स्ट्रासबुर्गजवळच्या इलकिर्शला राहायला आली. हा तोच आल्सास, जो १८७१ पासून पंचाहत्तर वर्षांत चार वेळा या देशाकडून त्या देशाकडे गेला. ज्या गावातल्या म्हाताऱ्यांनी जर्मन बूट वाजताना ऐकले होते, तिथे जर्मन शिपाई बोलावणं देऊन आणले गेले. शांतता कशी मुरते याचं माझ्या माहितीतलं हे सर्वांत पटणारं उदाहरण आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच नाटोत १९५२ पासून ग्रीस आणि तुर्कस्तान आहेत. १९७४ मध्ये सायप्रसवरून दोघं युद्धाच्या तोंडाशी आले. तुर्की फौजा बेटावर उतरल्या, ग्रीस रागानं नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि १९८० मध्ये परतला. बेट आजही दुभंगलेलं आहे. करार तोच, कलमं तीच. पण फ्रान्स-जर्मनीनं जे दुखणं उघडं करून बरं केलं ते या दोघांनी तसंच झाकून ठेवलं. युरोपातली शांतता अण्वस्त्रांच्या धाकावरही उभी होती आणि दोन महासत्तांचं वैर कोरिया-व्हिएतनाममध्ये रक्त सांडत होतं, हेही विसरून चालणार नाही.

सोव्हिएत गोटातल्या देशांच्या वॉर्सा कराराबद्दल फार बोलायची गरज नाही. १९५५ ला झाला. त्याची सगळ्यांत मोठी लष्करी मोहीम १९६८ च्या ऑगस्टमध्ये निघाली, ती आपल्याच सदस्य देशावर, चेकोस्लोव्हाकियावर. बर्डीच्या टेकडीखालून जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. १९९१ मध्ये तो करार विसर्जित झाला तेव्हा त्यातल्या एकाही लहान देशाला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. १९५४ मध्ये मनिलात सीटो, म्हणजे आग्नेय आशियाच्या संरक्षणाचा करार झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्याबरोबर पाकिस्तान त्यात गेला. पाठोपाठ १९५५ मध्ये तो पश्चिम आशियातल्या तशाच बगदाद करारातही शिरला. अमेरिकेला भीती कम्युनिस्टांची होती आणि पाकिस्तानला भीती भारताची. पुन्हा तीच नानांच्या चौकडीची गोष्ट. कम्युनिस्टांविरुद्ध म्हणून दिलेले रणगाडे १९६५ मध्ये पंजाबच्या शेतांत आपल्यावर चालून आले. तेव्हा अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं थांबवली आणि पाकिस्तानला वाटलं, मित्रानं दगा दिला. १९७१ मध्येही सीटो धावून आली नाही. १९७७ मध्ये ती गुंडाळली गेली. या करारांनी दक्षिण आशियात शांतता तर आणली नाहीच, उलट दोन शेजाऱ्यांनी समोरासमोर बसून जे मिटवायला हवं होतं त्याला तिसऱ्याच्या शस्त्रांचा आधार मिळाला.

पण याची दुसरी बाजू मांडणारा आवाजही आपल्याच जवळचा आहे. ज्यांच्या धम्मदीक्षेनं नागपूरचं नाव जगभर गेलं, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना परराष्ट्र धोरणावर बोट ठेवलं होतं. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी आपण सैन्यावर खर्च करतो, कारण वेळेला मदतीला येईल असा मित्र आपण ठेवलेला नाही, हा त्यांचा मुद्दा. १९५४ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी सीटोच्या कल्पनेची बाजूही घेतली. अशी संघटना आक्रमण करायला नसून स्वतंत्र देशांवरचं आक्रमण रोखायला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सीटोबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण वर सांगितलं. पण मित्राचा प्रश्न त्यांनी विचारला तो चुकीचा होता असं कोण म्हणेल? १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरूंना अमेरिकेकडे मदत मागावी लागली. एकट्या देशाची अलिप्तता महाग पडते, आणि ते पैसे शाळा-दवाखान्यांतून वजा होतात. बाबासाहेबांनी हा हिशेब रुपयांत मांडला. आज परराष्ट्र धोरणावर बोलणारे फारच थोडे लोक तसा मांडतात.

या प्रश्नाचं एक उत्तर भारतानं ९ ऑगस्ट १९७१ ला दिलं. दिल्लीत आपले परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी वीस वर्षांच्या मैत्री करारावर सह्या केल्या. तो करार नीट वाचण्यासारखा आहे. हल्ला झाला किंवा होण्याची भीती निर्माण झाली तर दोन्ही देश लगेच सल्लामसलत करून योग्य ती पावलं उचलतील आणि एकमेकांशी लढणाऱ्या तिसऱ्याला मदत करणार नाहीत, एवढंच नवव्या कलमात आहे. कोणी कोणासाठी लढायचं बंधन नाही. आणि चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा आदर करू असं सोव्हिएत संघानं लिहून दिलं. तैनाती फौजेच्या बरोबर उलटा हा दस्तऐवज आहे. त्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धावेळी, सोव्हिएत संघानं सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, आणि आज ज्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आपल्या कामठीत आहे तिची चौथी बटालियन हेलिकॉप्टरमधून मेघना नदीपलीकडे उतरली. पुढचं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आलं. जिंकलेली फौज तीन महिन्यांत घरी जाते, हे फार कमी वेळा घडतं. ती तिथे राहिली असती तर ढाक्यात आणखी एक बर्डी झाली असती.

लहान देशांची युतीही कधी कधी मोठं काम करून जाते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात डिसेंबर २०१६ ची निवडणूक हरलेले याह्या जामे खुर्ची सोडेनात. जिंकलेल्या अदामा बॅरो यांना शेजारच्या सेनेगलमध्ये, गांबियाच्या वकिलातीत शपथ घ्यावी लागली. शेजारी देशांच्या इकोवास संघटनेनं फौजा सीमेवर आणल्या, आत घातल्या, आणि बोलणारी माणसंही पाठवत राहिले. दोन दिवसांत जामे देश सोडून गेले. तिथे शेजाऱ्यांचा हेतू एकच होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. हीच इकोवास २०२३ मध्ये नायजरच्या लष्करी उठावापुढे अडखळली. माली, बुर्किना फासो आणि नायजर २०२५ मध्ये तिच्यातून बाहेर पडले.

युक्रेनबद्दल थोडक्यात. १९९४ मध्ये त्यानं आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली, बदल्यात आश्वासनं मिळाली, करार मिळाला नाही. २००८ मध्ये नाटोनं बुखारेस्टला जाहीर केलं की युक्रेन एक दिवस सदस्य होईल, पण कधी ते सांगितलं नाही. आक्रमणाचा दोष रशियाचाच, यात मला शंका नाही. पण शत्रूला चिडवायला पुरेसं आणि त्याच्यापासून वाचवायला अपुरं असं वचन कोणत्याही देशाला देऊ नये.

मग आपल्या भागाचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला. एकावरचा हल्ला तो दोघांवरचा हल्ला, अशी त्याची भाषा आहे. आपल्याकडे बरीच खळबळ झाली. मी इतकंच विचारीन की रियाधची भीती कोणती, इस्लामाबादची कोणती, आणि ती एक आहे का. क्वाडमध्येही एकमेकांसाठी लढण्याचं कलम नाही आणि आज ते नसलेलं बरं, कारण टोकियोची भीती आणि दिल्लीची भीती काही ठिकाणी जुळते, काही ठिकाणी नाही.

भारत-पाकिस्तान एका युतीत बसतील असं आज कोणी म्हणणार नाही. पण या दोन देशांत एक कागद आहे, ज्याची बातमी दरवर्षी पाच ओळींत येते. ३१ डिसेंबर १९८८ ला त्यांनी ठरवलं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६ नोव्हेंबर झालं, याद्या गेल्या आणि आल्या. मे २०२५ मध्ये चार दिवसांच्या संघर्षानंतर तोफा थांबल्या त्याही दोन्हीकडच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी मोहिमांच्या महासंचालकांचं, फोनवर बोलणं झाल्यावर. मोठमोठ्या युत्या मोडल्या आणि हा एवढासा कागद टिकला, कारण त्यातली भीती दोघांची अगदी सारखी आहे.

अशी सारखी भीती आणखी कुठे आहे ते शोधायचं काम मला सगळ्यांत निकडीचं वाटतं. पूर, भूकंप, चक्रीवादळ सीमा पाहत नाहीत. २००४ च्या त्सुनामीत आपलं नौदल श्रीलंका आणि मालदीवला धावलं, २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपात आपली विमानं काही तासांत काठमांडूला पोचली. आपल्या नागपुरात एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी आहे. ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत कसा काढायचा हे तिथे शिकवतात. माझी मागणी अशी आहे की नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव इथल्या गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तिथे दोन-चार दिवसांच्या भेटीपुरतं न बोलावता चांगलं सहा महिने, वर्षभर ठेवून घ्यावं. आपले अधिकारीही त्यांच्याकडे तेवढेच दिवस पाठवावेत. एकमेकांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये असावेत. आणि ज्या दिवशी शक्य होईल त्या दिवशी लाहोर-कराचीच्या अधिकाऱ्यांसाठीही त्या वर्गात जागा ठेवावी. याचा खर्च एका लढाऊ विमानाच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तो करायला कोणत्याही महासत्तेची परवानगी लागत नाही.

नमस्कार.